तिसऱ्या सोमवारची सुई

डॉक्टर गुरुदास चिंदरकरांच्या दवाखान्यात पेनिसिलीनची सुई मिळत नाही, हे मालवणात सगळ्यांना ठाऊक होतं. का मिळत नाही, हे मात्र आपण आणि आपला कंपाउंडर परशुराम यांच्यापलीकडे कुणालाच ठाऊक नाही, अशी डॉक्टरांची समजूत होती.

माणूस मोठा काटेकोर. सकाळी साडेआठला दवाखाना उघडायचा म्हणजे साडेआठलाच. रोग्याची नाडी धरली की समोर कोण बसलंय, बाहेर कोण खोळंबलंय, याचं भान सुटायचं. नको त्याला सुई टोचणार नाहीत, नको ते टॉनिक लिहिणार नाहीत. पण गळवं असोत की घसा, पेनिसिलीनचं नाव निघालं की ते दुसरं औषध लिहीत. कुणी विचारलंच, तर म्हणत, "ह्या पण तेच्यासारख्याच आसा." चौदा वर्षं हे चालत आलं होतं.

१९८३ साली चतुर्थी होऊन आठेक दिवस झाले असतील. देवबागची मथुरा आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव कावेरी. मथुराचा नवरा मुंबईला गोदीत कामाला. घरी ही, मुलगी आणि माडांची बाग. दर सोमवारी मथुरा नारळ आणि काथ्याचं सुंभ घेऊन मालवणच्या बाजाराला यायची, पण आज सोमवार नव्हता. मुलीला चालता येत नव्हतं म्हणून मथुराने तिला चक्क पाठीवर आणलं होतं.

"आधी ढोपार सुजला," मथुरा सांगू लागली. "ता बरा झाला तवसर घोटो सुजलो. आता मनगट धरलानी. ताप तर जाताच नाय."

"घसा दुखत होतो काय गो? पंधरा-वीस दिवसांआधी?" डॉक्टरांनी कावेरीला विचारलं.

"व्हय. गिळूक येय नव्हता."

डॉक्टरांनी नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. हृदयाच्या ठोक्याला जोडून एक बारीक फुसकारा येत होता. घशाच्या साध्या दुखण्यातून उठलेला ताप सांध्यांत शिरतो आणि सांधे सोडताना हृदयाची झडप चावून जातो. तोच हा संधिवाताचा ताप. त्यांनी पुतणीच्या नावे चिठ्ठी लिहिली. नीरजा तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नुकतीच डॉक्टर म्हणून लागली होती. मथुरा दुसऱ्या दिवशीच्या एसटीने मुलीला घेऊन गेली.

महिन्याभराने दोघी परत आल्या. कावेरी आपल्या पायांनी चालत दवाखान्यात शिरली. मथुराने इस्पितळाचा कागद पुढे केला. त्यावर शेवटी नीरजाच्या अक्षरात होतं: दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीन, बारा लाख युनिट, खोल स्नायूत. एकही चुकवू नये. निदान पंचविसाव्या वर्षापर्यंत.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खणात ठेवला. मग सल्फाच्या गोळ्यांची बाटली काढली.

"रोज एक गोळी द्यायची. खाडो करू नको."

"सुई म्हणाले होते थंयसर," मथुरा चाचरत म्हणाली.

"ह्या पण तेच्यासारख्याच आसा," डॉक्टर म्हणाले.

परशुराम आत पुड्या बांधत होता. त्याने मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

परशुरामाला ठाऊक होतं ते असं. १९६९ साली, शिमग्यानंतरच्या दिवसांत, तारकर्लीचा बाबू नावाचा तरुण पायात होडीचा खिळा शिरला म्हणून आला होता. पाय तांबडा, सुजलेला. डॉक्टर तेव्हा बत्तीस वर्षांचे, दवाखाना जोरात. त्यांनी पेनिसिलीनची सुई दिली. बाबू उठला, चप्पल पायात सरकवली, म्हणाला, "दाक्तरांनु, हाताक खाज येता," आणि बाकावर बसला. दहा मिनिटांत त्याचा श्वास कोंडला, ओठ निळे झाले. परशुरामाने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. डॉक्टर कपाटात त्यावरचा उतारा, अ‍ॅड्रिनलिन, शोधत होते. ते सापडलं तेव्हा उपयोग संपला होता. बाबूचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. त्याची आई हौसाबाई आली आणि मुलाला घेऊन गेली. त्यानंतर तिने या दवाखान्याची पायरी चढली नव्हती. घरातल्या दुसऱ्या कुणाला बरं नसलं की ती वेंगुर्ल्याला जायची, पण इथे नाही.

चिंदरकरांनी उरलेल्या सगळ्या कुप्या फोडून मोरीत ओतल्या होत्या.

कावेरीने गोळ्या घेतल्या. म्हणजे, आधी घेतल्या. मग ती पळू लागली, शाळेत कबड्डी खेळू लागली, आणि धडधाकट मुलीला रोज औषध कशाला, हे घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात आलं. बाटली संपली की पुढची आणायला आठ-आठ दिवस जाऊ लागले. चैत्रात मामाच्या लग्नाला दोघी वीस दिवस आजोळी राहिल्या. बाटली देवबागेतच राहिली.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात मथुरा मुलीला होडीत निजवून कर्लीच्या खाडीतून घेऊन आली. तेही खरं निजवून नव्हे. कावेरीला आडवं होताच येत नव्हतं. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा. पाय सुजले होते, गळ्याची शीर उडत होती. डॉक्टरांनी नळी लावली. गेल्या वर्षीचा बारीक फुसकारा आता सगळ्या छातीभर पसरला होता. त्यांनी लघवीचं औषध दिलं, गाडीची सोय केली, पुन्हा मुंबई.

पंधरा दिवसांनी नीरजाचं पत्र आलं. कावेरी वाचेल, असं तिने लिहिलं होतं. झडप मात्र आता पुरती मिटत नाही, ती पूर्वीसारखी व्हायची नाही. आणि खाली एकच प्रश्न होता: "काका, हिची किती इंजेक्शनं चुकली?"

डॉक्टरांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर देवबागहून येण्याजाण्याची अडचण लिहिली आणि कागद फाडला. दुसऱ्यावर गोळ्या न घेणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं: "एकही चुकलं नाही. मी एकही दिलंच नाही." मग बाबूची हकीकत लिहिली. चौदा-पंधरा वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा शब्दांत मांडली. पाऊण पान झाली.

नीरजाने उलट टपाली जाडजूड पाकीट पाठवलं. आत एका वैद्यकीय मासिकातल्या लेखाच्या झेरॉक्स प्रती होत्या आणि दोन ओळी: "काका, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. पण हे वाचा."

रविवारी दवाखाना बंद होता. डॉक्टर खिडकीपाशी खुर्ची ओढून वाचायला बसले. झडप दुखावलेली शेकडो मुलं, तीन गट. एकाला महिन्याला सुई, दुसऱ्याला रोज पेनिसिलीनची गोळी, तिसऱ्याला रोज सल्फाची. सगळ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेली. पेनिसिलीनच्या गोळीवाल्या शंभर मुलांत वर्षाला पाच-सहा जणांना ताप उलटला होता. सल्फावाल्यांत तिघांना. सुईवाल्यांत शंभरामागे एकसुद्धा पुरता भरत नव्हता. आणि सुईने दगावण्याचा धोका? तो दुसऱ्या एका कागदावर होता. लाख सुयांमागे एखाद-दुसरा.

त्यांनी परत पहिल्या पानावर जाऊन सालाचा आकडा पाहिला. लेख १९६४ चा होता. बाबू दवाखान्यात आला त्याच्या पाच वर्षं आधीचा. म्हणजे आपण खणात कावेरीचा कागद ठेवला तेव्हा जगात ही गोष्ट जवळपास वीस वर्षं जुनी होती. आपल्यापर्यंत ती पोचली नव्हती, असंही म्हणता येत नव्हतं. कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मधे फक्त बाबू उभा होता.

लाखात एक हा आकडा डॉक्टरांना कळत होता, पटतही होता. पण तो एक त्यांच्या ओळखीचा होता. सुईअभावी ज्यांची हृदयं कुजली ती मुलं मात्र दवाखान्याच्या बाकावर मरत नाहीत. ती घरी, हळूहळू, विशी-पंचविशीत जातात, आणि त्यांच्या खाती कुठल्याच डॉक्टरचं नाव लागत नाही. हे एवढं साधं आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यांना त्या दुपारी राहून राहून नवल वाटलं.

कावेरी डिसेंबरात परत आली. पुढच्या सोमवारी बाजार उरकून मथुरा औषधाला आली तेव्हा डॉक्टरांनी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं.

"मथुरा, कावेरीक सुई देवची लागतली. दर एकवीस दिवसांनी. पण त्याआधी तुका एक गोष्ट सांगूची आसा. ती सुई घेऊन एक माणूस ह्याच दवाखान्यात..."

"तारकर्लेचो बाबू," मथुरा म्हणाली.

डॉक्टर थांबले.

"माझा कुळार तारकर्लेचा, दाक्तरांनु. थंयच वाढलंय मी. ती गजाल सगळ्यांका म्हायत आसा. तुमका वाटला, आमका म्हायत नाय?"

"मग तरी तू पोरीक माझ्याकडे आणलंस?"

"मग खंय नेव? तुमी काय मुद्दाम केल्यात?"

डॉक्टरांना क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच कळलं की खरं सांगायचं ते अजून तसंच आहे. इतकी वर्षं भीती बाळगली ती ज्या गोष्टीची, ती सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होती. ही दुसरी मात्र फक्त त्यांनाच ठाऊक होती.

"दुसरी गोष्ट आसा," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मुंबैच्या कागदावर सुईच लिहिलेली होती. माका भय वाटला म्हणान मी गोळी दिलंय. तुका म्हटलंय, सारख्याच आसा. ता सारख्या नव्हता."

मथुराने विचारलं, "म्हणजे तेव्हा सुई दिली असती तर ह्या झाला नसता?"

"बहुतेक झाला नसता."

तिने खाली ठेवलेली टोपली उचलली. रिकाम्या टोपलीत चुंबळ नीट ठेवली. दार उघडलं आणि निघून गेली. परशुराम तिच्या मागे पायरीपर्यंत गेला आणि परत आला.

"सांगूक नको होता," तो म्हणाला. "आता ती येवची नाय."

"न येवंदे. पण आता तिका म्हायत आसा."

पुढचा सोमवार गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी, बाजाराची गर्दी ओसरता ओसरता, मथुरा आली. बरोबर कावेरी होती, आणि कावेरीचा हात धरून एक सत्तरीची म्हातारी. पाठ वाकलेली, नऊवारी, डोक्याला पांढरा रुमाल. डॉक्टरांनी ओळखलं नाही. परशुरामाने ओळखलं. त्याच्या हातातली बाटली टेबलावर आपटली.

"मी हौसा," म्हातारी म्हणाली. "बाबूची आवस."

डॉक्टर उभे राहिले. त्यांना हात जोडायचे होते, ते जोडले गेले नाहीत.

"ही माका इचारूक इली," हौसाबाईने मथुराकडे मान वळवली. "म्हणाली, दाक्तर पोरीक तीच सुई देवक बघतत, काय करू? मी काय सांगू? मी काय शिकलेली आसंय? मी म्हटलंय, माझ्या झिलाक देताना कोणी काय सांगूक नाय, कोणी इचारूक नाय. तुका सांगल्यानी, इचारल्यानी. घेवची तर घे, मी येतंय बसाक."

आणि ती बाकावर जाऊन बसली. त्याच बाकावर. पंधरा वर्षांत तो बदलला नव्हता, नुसता रंगवला होता.

मथुराने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "सुयेन जातत किती आणि सुये बगर जातत किती, ता माका सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. लाख म्हणजे किती, ते तिला कळावं म्हणून म्हणाले, "आंगणेवाडीच्या जत्रेक जितकी माणसा जमतत, तितक्यांक सुई दिली तर एखादो, नाय तर तोही नाय." आणि ताप पुन्हा पुन्हा उलटला तर कावेरीचं काय होईल, तेही लपवलं नाही. मथुराने मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "द्या."

परशुरामाने काचेची पिचकारी आणि जाड सुया स्टोव्हवर उकळल्या. ते औषध पातळ नसतं, कालवलेल्या चुन्यासारखं दाट असतं. बारीक सुई तुंबते. आधी डॉक्टरांनी कावेरीच्या हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचून वीस मिनिटं वाट पाहिली. दुसऱ्या पिचकारीत अ‍ॅड्रिनलिन भरून ती टेबलावर, हाताशी ठेवली. तिच्या शेजारी आणखी दोन कुप्या. मग कावेरीला पालथं निजवलं आणि हळूहळू दट्ट्या दाबत बारा लाख युनिट दिली. कावेरीने उशीचा कोपरा दातांत धरला. ती रडली, पण हलली नाही.

त्यानंतर अर्धा तास वाट पाहायची होती. डॉक्टर तिची नाडी धरून बसले होते. परशुराम दारात उभा राहून नव्या रोग्यांना हाताने थोपवत होता. हौसाबाई मुलीच्या दोन्ही तळहातांकडे एकटक बघत होती. मधेच तिने विचारलं, "चेडवा, हाताक खाज येता काय गो?"

"नाय," कावेरी म्हणाली. "कुल्लो दुखता."

परशुरामाला एकदम हसू फुटलं आणि त्याने तोंडावर हात धरला.

अर्धा तास झाला. "झाला?" हौसाबाईने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, कावेरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि डॉक्टरांच्या अंगावरून जाताना म्हणाली, "माझ्यापण ढोपरांका कायतरी द्या कधी. वेंगुर्ल्याक जाव काय आता ह्या वयात?"

ती गेल्यावर डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

सुई देणं सोपं, ती चुकू न देणं कठीण, हे पुढच्या वर्षात कळलं. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, हे परशुरामाच्या ध्यानात आलं. म्हणजे दर तिसरा सोमवार. आणि सोमवारी मथुरा बाजाराला येतेच. त्यासाठी वेगळी फेरी नको, वेगळी आठवण नको. त्याने कॅलेंडरवर वर्षभराच्या तारखांना तांबडे गोल काढले. डॉक्टरांनी सांधेदुखीच्या प्रत्येक मुलाला नळी लावायला सुरुवात केली. पूर्वी "वात आसा" म्हणून तेल चोळायला सांगून पाठवलेल्यांतलेच आणखी दोघे याच तापाचे निघाले. मग कुडाळच्या वाटेवरून एक आला, आचऱ्याची दोघं भावंडं आली. सत्त्याऐंशीपर्यंत तिसऱ्या सोमवारी सहा मुलं बाकावर ओळीने बसू लागली. प्रत्येक वेळी डॉक्टर अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवत. प्रत्येक वेळी बाबू मधे उभा राही. तो कधी गेला नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही त्यांनी सोडून दिली.

सत्त्याऐंशीच्या मार्गशीर्षात एका तिसऱ्या सोमवारी मथुरा एकटीच आली.

"येवक तयार नाय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हणता, तीन वर्सा झाली, मी बरी आसंय. चवदा वर्सांचा चेडू, ओढून कसा आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळचे रोगी उरकून डॉक्टर उकळलेल्या सुयांचा डबा घेऊन तारकर्लीपर्यंत स्कूटरने आणि पुढे वाळूतून चालत देवबागला गेले. कावेरी अंगणात झावळं विणत होती. डॉक्टरांना बघून ती उठली, पण जवळ आली नाही.

"माका काय झाला नाय," ती म्हणाली. "सगळी चेडवा हसतत. माका धापसुद्धा लागना नाय. मग कित्याक टोचतास?"

प्रश्न खोटा नव्हता. तिला काहीच होत नव्हतं, आणि काही होऊ नये म्हणूनच सुई होती. जे झालं नाही ते मुलीला दाखवायचं कसं? डॉक्टर पेळेवर, पडवीच्या बुटक्या कट्ट्यावर, बसले. त्यांनी गळ्यातली नळी काढली.

"हंय ये. माझ्या छातीक लाव आणि आयक."

तिने संशयाने नळी कानात घातली. डॉक्टरांनी तिचा हात धरून चकती आपल्या छातीवर टेकवली.

"काय आयकाक येता?"

"कोणतरी उखळात कांडता."

"आता तुझ्या छातीक लाव."

कावेरीने लावली. आधी तिच्या तोंडावर हसू होतं. मग ते गेलं. तिने चकती जरा खाली सरकवली, पुन्हा ऐकलं.

"ह्या काय?" ती हळूच म्हणाली. "कांडता, पण मधी सूंऽऽ करून पाणी आत शिरता. आमच्या खाडयेच्या तोंडार भरती येता तसा."

"ती झडप पुरी मिटना नाय. तो आवाज जावचो नाय, कावेरी. तुका खोटा सांगूचय नाय. तो माझ्यामुळा रवलो. तेव्हा सुई देवक होई होती, मी देवक नाय. पण सुई घेतलस तर तो आसा तितकोच रवात. नाय घेतलस आणि परत ताप इलो, तर वाढतलो."

कावेरीने आईला हाक मारली, नळी तिच्या छातीला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग पुन्हा स्वतःचं ऐकलं. मथुरा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"किती वर्सा घेवची?" कावेरीने शेवटी विचारलं.

"अजून अकरा तरी."

"अकरा!" ती म्हणाली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. मोजता मोजता मधेच सोडून दिलं. नळी डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि घरात जाताना मागे वळून म्हणाली, "पण डावीकडे द्या. गेल्या येळेक उजवीकडे दिली होती, ती आठ दिवस दुखत होती."